दगडाची मागची बाजू

थडग्यांचे दगड घडवणाऱ्याकडे मी नंबर लावून बसलो होतो. माझ्या पुढे दोघे भाऊ होते. धाकट्याची बायको नुकतीच गेली होती.

"वर याचं नाव ठळक घाला. त्याखाली 'यांची पत्नी' म्हणून तिचं."

"नाही दादा. वर तिचं नाव आणि त्याखाली 'बस ड्रायव्हर'."

"बाईमाणसाच्या दगडावर ड्रायव्हर? लोक हसतील."

"हसू देत. तिनं पहिल्यांदा बस काढली तेव्हाही हसले होते. मग तिच्याच बसनं रोज कामाला जायला लागले."

"घरात थोरला मी आहे. मी सांगतो तेच कोरायचं."

"साहेब, छिन्नी लागली की पुसता येत नाही," कारागीर धाकट्याकडे वळून म्हणाला. "आमच्याकडे नवऱ्याचा शब्द शेवटचा. बोला, तुमचं नाव कुठे घालू?"

"मागच्या बाजूला. त्याखाली 'कंडक्टर'."

"अरे, मागे कोण बघणार आहे?"

"नाही बघितलं तरी चालेल. उभा जन्म तिच्याच गाडीत मागे उभा राहून तिकिटं फाडली, दादा. पुढचा रस्ता बघायची मला कधी गरजच पडली नाही."