खिंडीतल्या बाईनं घेतलेलं नाव

ऐका. शेंगा फोडायचं थांबवू नका, नुसता आवाज तेवढा कमी करा.

पिंपळोशीहून करंजगावला जायला आता सडक आहे, डोंगराला वळसा घालून जाते. पूर्वी खिंडीतून गाडीवाट होती. जवळची वाट. तरीपण दिवस मावळला की तिकडं कुणी फिरकत नसे. फिरकलाच एखादा, तर सकाळी घळीत सापडायचा. अंगावर ओरखडा नाही. डोळे मात्र उघडे, आणि ओठ असे, जणू काहीतरी आठवायचं राहून गेलंय.

त्या वाटेनं एका रात्री निंगाप्पा हेळवी निघाला. बैलावर बसून.

आता हेळवी कोण, हे तुमच्यातल्या कितीजणांना ठाऊक? सुगी झाली की तो यायचा. दारात बैल उभा करायचा आणि घराची कुळी म्हणायचा. मूळ गाव कुठलं, तिथनं निघाला कोण, त्याचे लेक कोण, कुणाचा वंश वाढला, कुणाचा खुंटला. सगळं तोंडपाठ. बापानं लेकाला शिकवलेलं. तुम्हाला तुमच्या पणजोबाच्या बापाचं नाव येतं? बघा, गप्प झालात. हेळव्याला यायचं. सुपात जोंधळे पडायचे आणि तो पुढच्या दारी जायचा.

निंगाप्पा काही शौकानं निघाला नव्हता. पिंपळोशीच्या आपाजी धुऱ्याची नात हौसा. तिचं मन बसलं करंजगावच्या मल्हारीवर. पोरगा चांगला, हाडाचा कष्टाळू. पण आडनाव धुरेच. आता धुऱ्यांची पोरगी धुऱ्यांच्यात कशी द्यायची? दोन्हीकडचे म्हातारे म्हणाले, ही भावकी, बहीणभावाचं लगीन होत नाही. हौसानं अन्न टाकलं. आपाजीला ते बघवेना. त्यानं निंगाप्पाला बोलावून घेतलं आणि सांगितलं, उद्या सकाळी दोन्ही गावची माणसं देवळात बसणार आहेत. मूळ एक असलं तर पोरगी कोकणात द्यायची ठरलंय. वेगळं असलं तर हळद. तू म्हणशील ते.

निंगाप्पानं दोन्ही घरांची कुळी मनात म्हणून बघितली. करंजगावच्या धुऱ्यांची सरळ होती. पिंपळोशीच्या धुऱ्यांची केरबापाशी येऊन थांबत होती. केरबाचा बाप कोण? बापानं शिकवलं होतं ते एवढंच, ‘केरबा, खिंडीतला.’ लहानपणी निंगाप्पाला वाटायचं खिंडी हे गाव असेल. कधी विचारलं नाही. बाप गेला. आता करंजगावात त्याचा चुलता अंथरुणाला खिळून होता, त्याला माहीत असलं तर असलं. डोंगराला वळसा घालून गेलं तर सकाळच्या आत परत येणं होईना. म्हणून खिंड.

आपाजी म्हणाला, नको जाऊ. निंगाप्पा म्हणाला, पोरगी उपाशी आहे.

त्याची स्वतःची बायको, गौरव्वा, त्याच पावसाळ्यात गेली होती. घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. असा माणूस जरा जास्तच धीट होतो. बरोबर का चूक, देव जाणे.

तर निघाला. चांदणं होतं, वाट दिसत होती. खिंडीच्या तोंडाशी कुड्याचं एक झाड होतं, पांढऱ्या फुलांनी भरलेलं. ते मागं पडलं. बैल चालतोय, घुंगरं वाजतायत. थोडं पुढं गेल्यावर घुंगरांत आणखी एक आवाज मिसळला. बांगड्यांचा. बाई दळायला बसली की येतो ना, तसा. निंगाप्पानं बैल थांबवला. घुंगरं थांबली. बांगड्या थांबल्या नाहीत.

तो पुढं निघाला. वळण घेतलं, तर समोर कुड्याचं झाड. तेच. खाली तसाच फुलांचा सडा. म्हटलं, वाट चुकली. फिरला, पुन्हा वळण, पुन्हा झाड. चकवा लागला होता. तुम्ही म्हणाल, उतरून पायताण उलटं घालायचं, चकवा सुटतो. त्यानं घातलं. नाही सुटला. हा साधा चकवा नव्हताच.

मग पुढून हाक आली.

“कुणाचा रं तू?”

हे आपल्याकडं कुणीही विचारतं. पाणवठ्यावर म्हाताऱ्या विचारतात, बाजारात विचारतात. निंगाप्पाच्या तोंडून सवयीनं उत्तर निघून गेलं, बसाप्पा हेळव्याचा. तीच चूक. सगळे तीच चूक करत आले होते.

आवाज मागून आला. बसाप्पा कुणाचा? निंगाप्पा म्हणाला, शिवलिंगाचा. शिवलिंग कुणाचा? आता आवाज डाव्या कानाशी. गिरमल्लाचा. गिरमल्ल कुणाचा? आणि एकाएकी बैलाची पाठ खचली. निंगाप्पाच्या मागं कुणीतरी बसलं होतं. पाठीला गार लागत होतं, विहिरीच्या तळाशी लागतं तसं.

आता कळलं का, ती माणसं घळीत कशी सापडायची? बाप सांगितला, आजा सांगितला, पणजा सांगितला. मग नावं संपायची. नावं संपली की माणूस संपला.

आणि गंमत बघा. साऱ्या मुलखाची कुळी म्हणणारा हेळवी, पण स्वतःच्या घरची त्याला गिरमल्लाच्या पुढं येत नव्हती. लोहाराच्या घरी विळ्याला धार नसते, तसं. मागून प्रश्न आला, गिरमल्ल कुणाचा? दोन थंडगार हात खांद्यावर आले. बैल घळीकडं सरकायला लागला, आपोआप, पाय न उचलता.

निंगाप्पानं डोळे मिटले आणि जे येत होतं ते म्हणायला लागला. दुसऱ्यांच्या कुळ्या. पाटलांची, गुरवाची, सुताराची. नाव संपू द्यायचं नाही, एवढंच. ती ऐकत होती. बैल सरकत होता, पण हळू. म्हणता म्हणता धुऱ्यांचं घर आलं.

“केरबा, खिंडीतला...”

बैल थांबला.

खांद्यावरचे हात सुटले. मग मागून, अगदी वेगळ्या आवाजात, तिनं विचारलं, “जगलं?”

निंगाप्पाला समजायला थोडा वेळ लागला. तुम्हाला समजलं का? तो वळून बघायला धजला नाही, पण बोलला. जगलं, आई. चांगलं म्हातारं होऊन गेलं.

“पुढं?”

मग काय, त्यानं सांगितलं. केरबाला तीन लेक. थोरला राणोजी, मधला धोंडी, धाकटा सखा. राणोजी गुळाच्या गुऱ्हाळात हाताचा पक्का. धोंडी भजनात टाळ वाजवायचा, ताल चुकला की बायको हसायची. सखा कुस्तीत कधी जिंकला नाही, पण हरल्यावर जिंकलेल्याला खांद्यावर घेऊन नाचायचा. प्रत्येक नावानंतर ती म्हणायची, पुढं? मूल गोष्ट ऐकताना विचारतं तशी. एरवी हेळवी एवढं सांगत नाही, नुसती नावं म्हणतो. त्या रात्री त्यानं ऐकलेलं, बघितलेलं, सगळं सांगितलं. राणोजीचा आपाजी. आपाजीची नात हौसा.

आणि तिथं तो अडला. मग तोच बोलला. आई, त्या हौसाचं लगीन अडलंय. केरबा धुऱ्यांच्या रक्ताचा का नाही, त्यावर सगळं आहे. मला माझ्या बापानं सांगितलं नाही. तू सांग. तू कुणाची?

इतक्या वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. ती सगळ्यांना विचारायची, पण उलट तिला कोण विचारणार?

ती म्हणाली, मी साळू. घाटाखालच्या भिवा गावड्याची लेक. राणीच्या राज्यात मोठा दुष्काळ पडला, सासरच्या गावात दाणा राहिला नाही. दोघं वर यायला निघालो. मी पोटुशी. ह्या झाडाखाली दिवस भरले. ते म्हणाले, पाणी बघून येतो. आले नाहीत. पोर झालं. मी गेले. तिसऱ्या प्रहरी धुऱ्यांच्या गाड्या गेल्या, पोराचं रडणं त्यांच्याबरोबर गेलं. ते पुढं जगलं का वाटेतच गेलं, कळायला मार्ग नव्हता.

निंगाप्पानं विचारलं, ते म्हणजे कोण? नाव काय? आडनाव काय?

ती नाव घेईना.

हसू नका. पूर्वीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. जिवंतपणी नाही, तर मेल्यावर कशी घेईल? निंगाप्पानं परोपरीनं विचारलं. ती म्हणाली, “बया, तसं कसं सांगू?” उजाडायला आलं होतं, उजाडलं की ती जाणार, आणि हौसाचं ठरून जाणार.

त्याला गौरव्वा आठवली. आयुष्यभर ‘अवो’ म्हणून हाक मारलेली. एकदाच, दिराच्या वरातीत बायकांनी तिला दारात अडवलं होतं, नाव घेतल्याशिवाय आत सोडणार नाही म्हणून. पदर दातात धरून, भिंतीकडं तोंड करून तिनं निंगाप्पा म्हटलं होतं. उखाण्यात.

तो बैलावरून खाली उतरला. तिच्याकडं पाठ करून उभा राहिला. म्हणाला, “साळाई, तुझ्या पणतूच्या नातीचं लग्नघर हाय. तू थोरली सवाष्ण. नाव घे.”

कुड्याची दोन फुलं पडल्याचं ऐकू आलं, इतकं शांत झालं. मग बांगड्या वाजल्या. पदर सावरताना वाजतात तशा. आणि ती म्हणाली,

“कुड्याच्या झाडाखाली पांढऱ्या फुलांचा सडा,
सुभानराव साळोख्यांच्या नावाचा हाती हिरवा चुडा.”

आणि लाजली. निंगाप्पा पुढं सगळ्यांना सांगायचा, भूत लाजलेलं मी ऐकलंय.

पूर्वेकडं तांबडं फुटलं. बैलानं आपणहून पाऊल उचललं. खिंडीचं तोंड समोर दिसत होतं, त्याच्याखाली पिंपळोशीच्या चुलींचा धूर. मागं बघायचं नाही, हे निंगाप्पाला ठाऊक होतं. तो चालू लागला. तेव्हा मागून तिनं शेवटचं विचारलं.

“दूध कुणी पाजलं त्येला?”

हेळवी बापांची नावं म्हणतो. दूध पाजणारीचं नाव कुठल्याच कुळीत नसतं. तो खोटं सांगू शकला असता. पण त्या बाईशी खोटं बोलवेना. तो म्हणाला, विचारतो आणि सांगतो.

बैल पळत सुटला का निंगाप्पानं पळवला, ते त्यालाही आठवत नव्हतं. मागं घळीतून दगड कोसळल्याचा आवाज आला. वाट तिथं तुटली, ती अजून तुटलेलीच आहे.

देवळात माणसं बसली होती. निंगाप्पानं सगळं सांगितलं. करंजगावचा एकजण म्हणाला, भुताच्या साक्षीवर लगीन लावायचं? आणि साक्षीला तिला घळीतनं कोण आणायचं? दोघेतिघे हसले. आपाजी हसला नाही. आपण धुरे नव्हे, उचलून आणलेल्याचा वंश, हे त्याला तिथंच चार माणसांत कळलं होतं. तो उठून उभा राहिला. मग म्हणाला, “जी बाई मेल्यावरबी नवऱ्याचं नाव सरळ घेईना, ती उखाण्यात खोटं नाव घेईल व्हय?”

दुपारी हौसा जेवली. चार दिवसांत हळद लागली. त्या घरची कुळी निंगाप्पा तेव्हापासून नव्यानं म्हणायचा, ‘केरबा, साळूचा आणि सुभानाचा.’ आईचं नाव घेणारा तो पहिलाच हेळवी.

लग्नात त्यानं एकेका म्हातारीपाशी बसून विचारलं, केरबाला दूध कुणी पाजलं? कुणी म्हणाली थोरल्या धुऱ्याच्या बायकोनं, कुणी म्हणाली गाडीबरोबरच्या एका लेकुरवाळीनं, एकीनं तर शेळी म्हटलं. पक्कं कुणालाच माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि त्या गेल्या. निंगाप्पा जन्मभर विचारत राहिला, आणि जन्मभर डोंगराला वळसा घालून गेला.

म्हणून सांगतो, त्या वाटेला जाऊ नका. ती आता कुणाला घळीत लोटत नाही म्हणतात. वाईट काही करत नाही. पण ती दुधाचं विचारते, आणि आपल्यातल्या कुणालाच सांगता येत नाही. तसल्या बाईला आणखी किती वेळा माहीत नाही म्हणायचं?