निजामुद्दीन पुलावर गाडी कोण चालवत होते याबाबत

जबाब, दि. २० फेब्रुवारी २०२६, सकाळी ११.१० वाजता

नाव : नीला जयंत खांबेटे, वय ६३ वर्षे, व्यवसाय : शाळेतून निवृत्त ग्रंथपाल, राहणार : मयूर विहार फेज १, पूर्व दिल्ली.

मी पोलीस ठाण्यात स्वतः येऊन सांगते की, मी वरील पत्त्यावर पती जयंत (वय ६९, केंद्र सरकारच्या खात्यातून निवृत्त अभियंता) यांच्यासह राहते. मुलगी सुखदा आर. के. पुरमला सरकारी क्वार्टरमध्ये राहते. हवालदार पृथ्वीराज साळुंखे यांना मराठी येत असल्याने मी मराठीत सांगत आहे. हिंदी अनुवाद सोबत जोडला जाईल असे मला सांगितले आहे.

दि. १० फेब्रुवारीच्या अपघाताबद्दल माझ्या पतींनी त्याच दिवशी जबाब दिला आहे. गाडी आपण चालवत होतो असे त्यात लिहिले आहे. ते बरोबर नाही. गाडी मी चालवत होते. माझ्याकडे २००४ पासून परवाना आहे.

गाडी आम्ही २०१८ साली नवी घेतली. छोटे टर्बो पेट्रोल इंजिन, आजपर्यंत एकाहत्तर हजार किलोमीटर. सर्व्हिसिंग वेळेवर कंपनीच्या सेंटरमध्येच केले. सुमारे दोन वर्षांपासून ती चालता चालता मध्येच बंद पडते, असे जयंत सांगू लागले. तीन वेळा सेंटरला नेली. त्यांनी लॅपटॉप जोडून पाहिले, काही निघाले नाही. त्यांच्याकडे असताना ती एकदाही बंद पडली नाही. तिसऱ्या वेळी तिथल्या माणसाने मला बाजूला घेऊन सांगितले, "मॅडम, गाडी बिल्कुल ठीक है. अंकल से गलती हो रही है. उनको मत चलाने दीजिए."

त्याच सुमारास जयंत गॅस चालू ठेवून बाहेर गेले होते. शेजारच्या भालचंद्र यांचे नाव त्यांना दोनदा आठवले नाही. मी या गोष्टी एकत्र जोडल्या. सुखदाही म्हणाली, "आई, गाडी नाही, बाबाच बंद पडतायत." ती हे हसत म्हणाली होती, पण जयंत तिथेच बसले होते. त्यानंतर त्यांनी गाडीचा विषय काढला नाही.

जानेवारीत मी त्यांना मेंदूच्या डॉक्टरांकडे नेले. तपासण्या पूर्ण होईपर्यंत गाडी चालवू नका, असे डॉक्टरांनी सांगितले. घरी आल्यावर त्यांनी चावी माझ्या हातात दिली.

दि. १० रोजी, मंगळवारी, आम्ही सुखदाकडे जायला निघालो. पती माझ्या शेजारी बसले होते. सकाळी अंदाजे ११.२० वाजता निजामुद्दीन पुलावर वेग पन्नासच्या आसपास होता. समोर तेलाचा लाल दिवा लागला. तो काय आहे हे कळायच्या आत इंजिनाचा आवाज थांबला आणि स्टिअरिंग जड झाले. मी डावीकडचा इंडिकेटर दिला, पण कडेला पोचू शकले नाही. मागून मोटरसायकल आदळली.

विचारल्यावरून सांगते की, ब्रेक दाबला होता का हे मला आठवत नाही. आठवायचा रोज प्रयत्न करते.

मी उतरून मागे धावले. मोटरसायकलस्वार धरमवीर (वय अंदाजे ४५, पंप ऑपरेटर) रस्त्यावर पडले होते. त्यांचा उजवा पाय उलटा वळलेला होता. ते सारखे म्हणत होते, "मेरा टिफिन देखना." मी टिफिन उचलून त्यांच्याजवळ ठेवला व रस्त्यावरच बसले. त्या वेळात जयंत माझ्या सीटवर जाऊन बसले आणि चावी फिरवून पाहत होते. पोलीस आले तेव्हा ते तिथेच होते. "गाड़ी कौन चला रहा था?" असे विचारल्यावर ते म्हणाले, "मैं." मला ते स्पष्ट ऐकू आले. मी काही बोलले नाही.

का बोलले नाही, असे विचारल्यावरून सांगते की, ते मला वाचवत आहेत असे मला वाटले. मला ते बरे वाटले. हेही लिहावे.

दि. १३ रोजी मी धरमवीर यांना इस्पितळात भेटले. मांडीत सळी घातली आहे. ते म्हणाले, "आंटी, ब्रेक की लाइट जली ही नहीं. मुझे लगा गाड़ी चल रही है." त्यांच्या पत्नीने मला बसायला स्टूल दिले. मी बसले नाही.

पोलिसांनी तपासून गाडी सोडल्यावर दि. १८ रोजी ती आमच्या भागातील गॅरेजवाले इक्बाल यांच्याकडे नेली. त्यांनी माझ्यासमोर खालचे तेलाचे भांडे उघडले. आतल्या जाळीवर काळा रबरी चोथा बसला होता. या इंजिनातला एक पट्टा तेलातच फिरतो, वर्षानुवर्षांत त्याचा भुगा पडतो, जाळी तुंबते आणि इंजिनाला तेल मिळत नाही, असे त्यांनी समजावले. लॅपटॉपवर हे दिसत नाही का, असे मी विचारले. ते म्हणाले, "खोलोगे तो दिखेगा ना." पण त्या क्षणी गाडी याच कारणाने थांबली असे लिहून द्यायला ते तयार नाहीत. सेंटरला फोन केला, तर गाडी जुनी झाली की असे होते, असे उत्तर मिळाले.

मी तो चोथा वर्तमानपत्रात बांधून घरी आणला आणि जयंत यांच्यापुढे ठेवला. म्हटले, "तुमचं बरोबर होतं. गाडीच खराब होती." त्यांनी तो बोटांत चोळून पाहिला. मग कागदावर चित्र काढून पट्टा, पंप, जाळी असे सगळे मला अर्धा तास समजावले. एकदाही अडखळले नाहीत. मी सुखदाला फोन करून सांगितले, की बाबांना काहीही झालेले नाही.

जेवताना मी म्हणाले, "पोलिसांना आता खरं सांगून येते. माझ्यासाठी तुम्ही खोटं बोललात, पण ते बरोबर नाही."

ते म्हणाले, "खोटं कसलं? गाडी मीच चालवत होतो."

मला थट्टा वाटली. पण त्यांनी सर्व क्रमाने सांगितले. "लाल दिवा लागला, स्टिअरिंग जड झालं, मी डावीकडचा इंडिकेटर दिला." माझ्या बाबतीत जसे झाले तसेच. शेजारच्या सीटवरूनही हे दिसते, हे मला मान्य आहे.

"मग मी कुठे होते?" असे मी विचारले.

"बाजूला. तू घाबरली होतीस," असे ते म्हणाले.

पती खोटे बोलत आहेत का, असे विचारल्यावरून सांगते की, मला माहीत नाही. अडतीस वर्षांच्या संसारात ते खोटे बोलले की मला कळत आले आहे. या वेळी कळले नाही. ते आजारी आहेत का, हेही मला माहीत नाही. तपासण्यांचा अहवाल दि. २४ ला मिळणार आहे. गाडी खराब निघाली म्हणजे माणूस बरा आहे, असे मी धरून चालले होते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला जेवणाच्या टेबलावर समजले.

आज मला इथे सोडायला ते मेट्रोने सोबत आले असून बाहेर बाकावर बसले आहेत. मी आत येताना त्यांनी माझा हात धरून हळू आवाजात सांगितले, "नीला, आपल्या दोघांच्या जबाबात एकच आलं पाहिजे." पुलावर गाडी कोण चालवत होते हे त्यांना आठवत असल्यामुळे ते असे म्हणाले, की आठवत नसल्यामुळे, हे मी त्यांना विचारले नाही.

हा जबाब हवालदार साळुंखे यांनी मला सावकाश दोनदा वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. "मला माहीत नाही" ही वाक्ये गाळू का, असे त्यांनी विचारले. ती तशीच राहू द्यावीत, असे मी सांगितले आणि खाली सही केली.

नीला जयंत खांबेटे