निरोप न देणारी बाई

मंडळी, ऐका हं! आजच्या कीर्तनात एक प्रश्न विचारते. निरोप पोचला नाही, तर दोष कुणाचा? देणाऱ्याचा, नेणाऱ्याचा, की— थांबा, घाई नको! आधी गोष्ट.

वडूजच्या सुंदराकाकू. वय पंचाहत्तर, घरात एकट्या. लेक शालन पुण्याला. गुरुवारी काकूंचा मोतीबिंदू काढायचा होता. डोळ्यावर पट्टी बांधतील तेव्हा शालन शेजारी हवी— एवढीच इच्छा! रविवारी लावला फोन. रिंग वाजली, वाजली... आणि पलीकडून एक बाई बोलली, "आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता, ती सध्या उत्तर देत नाही."

काकू म्हणाल्या, "असू दे बाई, कामात असंल. तिला एवढं सांग— गुरुवारी ये म्हणावं. विसरू नको हं!"

हसलात? हसा! पण आमच्या वेळी एस.टी.च्या कंडक्टरला खिडकीतून सांगायचं, "आत्याला म्हणावं, मुलगी झाली!" —आणि दुसऱ्या दिवशी आत्या बाळंतविडा घेऊन दारात! कुणाच्याही तोंडी दिलेला शब्द पोचायचा. काकू त्या काळातल्या!

सोमवारी तीच बाई. मंगळवारी तीच! काकू कडाडल्या, "अगं, सांगितलंस का नाही? झोपा काढतीस काय तिथं?"

शेजारची कांचन कपडे वाळत घालत होती. पोट धरून हसली. "काकू, ती बाई नाही हो! मशीन आहे!"

काकूंनी फोन पदरानं पुसला. म्हणाल्या, "असंल. पण निरोप तिनंच दिला नाही. माझी शालन तशी नाही."

कांचनचं हसू विरलं. तिनं आपल्या फोनवरून नंबर लावला— आणि काय सांगू! पहिल्या रिंगला शालननं उचलला! अनोळखी नंबर ना! कुरिअरवाला असेल, बँकवाला असेल! आणि आईचा? आईचा काय, घरचाच— करू नंतर!

बुधवारी दुपारी शालन दारात. डोळे भरलेले. "आई, खरंच गं, ते मशीन असतं. ते निरोप नाही देत. मीच—"

काकूंनी तिच्या तोंडावर हात ठेवला. "मला काय कळत नाही व्हय? रोज तेच बोलती, मधे श्वाससुद्धा घेत नाही! पण तिला निरोप दिला, की न पोचल्याचा दोष तिला लागतो. तुला नाही लागत."

बोला, विठ्ठल विठ्ठल!

सांगा आता, दोष कुणाचा? का गप्प? मघापासून कितीजणांनी खिशातला फोन दाबून मुका केला, पाहिलंय मी! खांबाआड बसलात तरी दिसतं हो!

—ऐका! वाजला कुणाचा तरी! अहो, लाजता काय? बंद नका करू. आईचा आहे? मग उचला! पेटीवाले, थांबा जरा. आम्ही थांबतो.

आणि विठोबा? आईबापांपायी थांबायची त्याला सवय आहे!