चालू मशीनमधून काढलेलं कार्ड

विजय नगरच्या बस स्टॉपवर, पोह्यांच्या गाडीजवळ, माझ्यापुढे दोघं उभी होती. दोघांच्या गळ्यात एकाच कंपनीचं ओळखपत्र.

"उन्मेषजी, अकराला मीटिंग आहे. सरांना सांगा ना, ते कार्ड तुम्ही काढलं."

"अरे तन्वी, सर्व्हरवरच्या एका व्हर्च्युअल मशीनमधून कमांड देऊन ग्राफिक्स कार्ड काढायचं, दुसऱ्याला द्यायचं. चालू मशीनवर रोज करतो मी."

"रोज आतली सिस्टम कार्ड सोडेपर्यंत थांबता. काल जबरदस्तीने काढलं, आणि पूर्ण सर्व्हर बंद पडला."

"वरून फोनवर फोन येत होते यार."

"आणि लॉगिन माझं वापरलं."

"सगळेच वापरतात. तुझा पासवर्ड सोपा आहे."

"रेकॉर्डमध्ये माझंच नाव आलंय. प्रोबेशनवर आहे मी, आज घरी पाठवतील."

"टेन्शन मत ले. मी आहे ना."

"मग बोलाल मीटिंगमध्ये?"

"माहौल बघून बोलतो."

"बस आली. चला."

"तू हो पुढे. मी पुढच्या बसने येतो."

"ती साडेअकराला आहे."

"अरे, पोहे तर खाऊ दे!"