आगवाल्याचा बिल्ला

(१९४८. शेवगावजवळच्या एका गावात पोळ्याची दुपार. गोठ्यात शेतकरी कानिफनाथ, जहाजावरची नोकरी करून परतलेला त्याचा मुलगा गोरक्ष आणि पलटणीतून निवृत्त झालेले हवालदार आप्पासाहेब.)

हवालदार : अहो, पण बैलाच्या बाशिंगात? लढाईतलं पदक आहे ते.

कानिफनाथ : ठावं हाय मला. माज्याच पोराचं हाय.

हवालदार : मग काढा. पदक छातीवर लावतात.

कानिफनाथ : छाती न्हाई म्हनती. ती बगा, बसलीय तिकडं शिंगं रंगवीत. गोरा सायेब देश सोडून गेला आन टपालानं बिल्ला आला, तवापासनं पेटीत पडलाय. आज समदा गाव वेशीत जमनार. पोरगा मिरवंना, तर बैल मिरवंल.

हवालदार : गोरक्षा, ऐकतोस ना?

गोरक्ष : ऐकतोय. माझ्यापेक्षा हरण्याच रुबाबदार दिसतोय.

हवालदार : पलटणीत असतास तर या बोलण्यावर कोठडीत बसवला असता तुला.

गोरक्ष : पलटणीत नव्हतोच ना. चावडीवर तेच विचारतात. वर्दी कुठं, बंदूक कुठं? मालाच्या जहाजावर भट्टीत कोळसा टाकायचो मी. आगवाला. तुमच्या शेजारी बिल्ला लावून उभा राहिलो तर लोक हसतील.

कानिफनाथ : मग सांग की त्यांना, जहाज फुटल्यावर काय केलंस ते.

गोरक्ष : आबा, पुरे.

कानिफनाथ : मी सांगतो. पानबुडीनं जहाजाचं नाकाड फोडलं, हवालदार. वरची मानसं नावा सोडाया लागली. ह्यो आन ह्येच्या पाळीतली पोरं खाली गुडघाभर पान्यात कोळसा टाकीत ऱ्हायली.

हवालदार : वर का नाही आलात?

गोरक्ष : पाणी उपसायचे पंप वाफेवर चालतात. भट्टी विझली की पंप बंद, मग जहाज गेलंच. आमचा सारंग, म्हणजे मुकादम, म्हणाला, ज्याला वर जायचंय त्यानं जावं.

हवालदार : आणि?

गोरक्ष : कोणी गेलं नाही. बंदर लागेपर्यंत टाकत होतो.

कानिफनाथ : समदी मानसं जित्ती उतरली. आन ह्याला पवता येत न्हाई. हितं पवाया पानी हाय कुठं?

हवालदार : बसऱ्याला जाताना आम्हाला जहाजाच्या तळात झोपवलं होतं. पत्र्यापलीकडून रात्रभर फावड्याचा आवाज यायचा. खर्रकन घासायचं, मग लोखंडी दार आपटायचं. त्या आवाजावरच झोप लागायची. तो थांबला की सगळी कंपनी उठून बसायची.

गोरक्ष : राख काढताना थांबतो.

हवालदार : ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. पुन्हा सुरू झाला की आडवे व्हायचो. पलीकडं माणूस आहे, त्यालाही भीती वाटत असेल, हे कधी मनात आलं नाही.

गोरक्ष : वाटायची.

हवालदार : तुला वाटायची?

गोरक्ष : दर खेपेला. वरून पाणी आपटलं तरी वाटायचं, झालं.

हवालदार : मला बंदूक दिली होती रे. पळून जायला वाळवंट होतं.

कानिफनाथ : आता बाशिंगातल्या बिल्ल्याचा दोरा कापू का नगं, तेवडं बोला. वाजंत्री वेशीत आली.

गोरक्ष : कापा, आबा. हवालदार, कोणत्या बाजूला लावतात?

हवालदार : डाव्या. थांब, आधी हात पूस. मी लावतो.