डावं पेडल

नाही, निघत नाही हो हे! बघा, हे नखांतलं काळं बघा... चौथा दिवस आज. साबण झाला, घासलेट झालं, बायकोचा टूथब्रश झाला (जुना हो, जुना, म्हणजे मला जुना वाटला!) पण हे ग्रीस बसलंय ते बसलंय, आणि फळ्यावर लिहायला हात वर केला की पहिल्या बाकावरची पोरं फळा सोडून माझ्या नखांकडे बघतात, आणि परवा एकाने विचारलंच, "सर, सायकल दुरुस्त केली का घरी?" केली! केली ना! काय सांगणार त्याला, कपाळ? लाज वाटते सांगायला. पण सांगतो. कुणाला तरी सांगितल्याशिवाय ते पोटातून जायचं नाही, आणि तुम्ही काही आमच्या कॉलनीतले नाही.

तर तुम्हाला सांगतो, सायकल माझी नव्हेच मुळी. बायकोची. आमच्या कॉलनीत वर्षातून एकदा खेळ असतात, त्यात बायकांची संथ सायकल शर्यत असते. म्हणजे जो सगळ्यात शेवटी पोहोचेल तो जिंकला, आणि पाय जमिनीला टेकला की बाद. ऐकायला सोपं वाटतं ना? करून बघा! मी करून बघितलं, सात सेकंदांत कुंडीत पडलो. तर ही शर्यत गेली पाच वर्षं तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी जिंकतायत आणि पाच वर्षं आमची ही कडेला उभी राहून टाळ्या वाजवतेय, आणि यंदा काय झालं कोण जाणे, जेवता जेवता मला म्हणाली, "मी नाव दिलंय."

नाव दिलंय! अहो, ही बाई शाळेत लिंबू-चमच्यात धावली होती, तिथे लिंबू पडलं, त्यानंतर तीस वर्षं कशात उतरली नाही. आणि आता रोज दवाखान्यातून, तिथे ती केसपेपर लिहिते, तर तिथून आली की पर्स ठेवायची आणि खाली पार्किंगमध्ये सायकल. पहिल्या दिवशी अकरा सेकंद. मग वीस. मग पस्तीस. ओठ आवळून, नजर समोर, हँडल इकडे तिकडे, आणि मी घड्याळ घेऊन उभा. वहिनींचा सगळ्यात चांगला वेळ बावन्न सेकंद, सगळ्या कॉलनीला पाठ आहे. आणि शुक्रवारी संध्याकाळी हिने पंचावन्न केले! पंचावन्न! उतरली, माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "बरोबर बघितलंत ना हो?" तिचा चेहरा असा मी कितीतरी वर्षांत बघितला नव्हता, खरं सांगतो.

फक्त एक खोट होती. डावं पेडल. आतले छर्रे झिजले होते, फिरता फिरता मध्येच कट्ट करून अडकायचं, आणि संथ सायकलमध्ये एक कट्ट झालं की पाय खाली. हिने नव्या पेडलांची जोडी आणून ठेवली होती, म्हणाली, "उद्या कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे टाकते, तासाभरात देईल." आता इथे मी गप्प बसायला हवं होतं की नाही? बसलो असतो तर काय बिघडलं असतं? पण मी हातातला पेपर खाली ठेवला. तुम्हाला सांगतो, नवऱ्याने पेपर खाली ठेवला की घरातल्यांनी वस्तू उचलून ठेवाव्यात. म्हणालो, "अगं, घरात माणूस असताना सायकलवाला कशाला?"

हो, ते राहिलंच. मी पॉलिटेक्निकला शिकवतो. यंत्रांचे भाग. नट, बोल्ट, आटे, बेअरिंग... बावीस वर्षं. पोरांनी माझं एक नावही पाडलंय, ते नंतर सांगतो. आत्ता नको.

शनिवारी दुपारी मी पार्किंगमध्ये गोणपाट अंथरलं. मेहुण्याने दिलेला पान्यांचा संच, सहा वर्षं प्लास्टिकसुद्धा काढलं नव्हतं, तो समारंभाने उघडला. तळमजल्यावरचे काका खुर्ची घेऊनच आले. निवृत्त माणूस, कॉलनीच्या खेळांचा माइक त्यांच्याकडे असतो, आणि माइक नसला तरी आवाज तोच. आधी उजवं पेडल घेतलं. पाना लावला, डावीकडे फिरवला, एक झटका, सुटलं! दोन मिनिटं लागली नाहीत. "वा सर! हात काय चालतो हो तुमचा!" असं काका म्हणाले आणि मी, लाज वाटते सांगायला पण सांगतो, मी मान तुकवली. स्टेजवरच्या गवयासारखी.

मग डावं. पाना लावला, डावीकडे फिरवला. हलेना. जोर लावला. हलेना. मी म्हणालो, "गंज आहे." काका म्हणाले, "गंजच." तेल सोडलं. "मुरू द्यायचं, याला शास्त्र आहे." पंधरा मिनिटं दोघं त्या पेडलाकडे बघत बसलो. पुन्हा जोर. हलेना! घासलेट ओतलं. उकळतं पाणी ओतलं, त्यातलं अर्धं माझ्या चपलेत. हातोडी मारली. एकदा पान्यावर, एकदा अंगठ्यावर, कारण काकांनी नेमकं तेव्हाच "जपून!" म्हणून ओरडायचं होतं. तेवढ्यात ही चहा घेऊन आली. जरा वेळ बघत उभी राहिली, आणि अगदी हळू म्हणाली, "अहो... एकदा उलटं फिरवून बघता का?"

मी हसलो हो! काकांकडे बघून हसलो. "अगं," म्हटलं, "सगळ्या जगात आटे डावीकडे सुटतात आणि उजवीकडे आवळतात, तू जा बरं वर, हे शास्त्र आहे." काकाही हसले. तिने कप उचलले आणि गेली. चहा घ्यायचा राहिला होता, तोही गेला.

मग मी पाइप आणला. पाण्याच्या नळाचा, चांगला हातभर लांब, पान्याच्या दांड्यावर चढवला, कारण दांडा जितका लांब तितका जोर जास्त, हे मी पहिल्याच तासाला शिकवतो, आणि हे मात्र बरोबर शिकवतो! पाय भिंतीला लावला, डोळे मिटले, ओढलं... कड्! "सुटलं!" मी ओरडलो, काकांनी टाळ्या वाजवल्या, आणि पेडल गरागरा फिरत हातात आलं आणि त्याच्याबरोबर चकचकीत चुरा आला, बराचसा. मी म्हटलं, गंज असेल. गंज चकचकीत असतो का हो? कधी बघितलाय का कुणी? पण त्या क्षणी मला तो गंज वाटला. काका खुर्ची उचलून गेल्यावर नवीन पेडल लावायला गेलो तर ते आत जायचं आणि तसंच बाहेर यायचं. आत जायचं, बाहेर यायचं. पेडलाचा आणि भोकाचा एकमेकांशी काही संबंधच उरला नव्हता.

वर गेलो. ही म्हणाली, "झालं?" मी म्हणालो, "झालंच आहे. जरासं फिटिंग राहिलंय, सकाळी करतो." हे एक वेगळंच. लाज वाटते सांगायला, पण सांगतो, चक्क तोंडावर खोटं बोललो.

रविवारी ही उठायच्या आत सायकल ढकलत सायकलवाल्याकडे. बिचारा शटर उघडत होता. त्याने भोकात बोट घातलं, फिरवलं, बोटाला लागलेला चुरा बघितला. मग मला म्हणाला, "सर, कुठल्या बाजूला फिरवलंत?" मी हाताने दाखवलं. त्याने इकडे तिकडे बघितलं, रस्त्यावर कुणी नाही ना याची खात्री केली, आणि आवाज एकदम खाली आणून म्हणाला, "डावं उलटं असतं ना, सर. तुम्ही सोडवत नव्हता... आवळत होता."

आणि तिथे, त्या दुकानासमोर, माझ्या कानात साठ पोरं ओरडली. दरवर्षी ओरडतात! मी फळ्यासमोर उभा राहून विचारतो, "उलट्या आट्यांचं रोजच्या वापरातलं उदाहरण?" आणि साठच्या साठ पोरं एका सुरात, "सायकलचं डावं पेडल, सर!" बावीस वर्षं! त्यावरूनच तर माझं नाव पाडलंय पोरांनी. उलटे आटे. "ए, उलटे आटे आले, उलटे आटे आले, बसा!" माझ्या नावातच आहे हो ते! परीक्षेत याच प्रश्नाला चुकलेल्यांचे गुण मी कापलेत! आणि मी, स्वतः उलटे आटे, हातभर पाइप लावून...

"तार गुंडाळून बसवता नाही का येणार?" मी विचारलं. तो म्हणाला, "पहिल्या जोरालाच पेडल निघेल आणि मॅडम पडतील. क्रँकच, म्हणजे पेडलाचा दांडाच, बदलावा लागेल, सर. आज बाजार बंद. मंगळवारी आणतो." शर्यत होती संध्याकाळी पाचला.

घरी आलो तेव्हा ती आरशासमोर केस घट्ट बांधत होती. मी सगळं सांगितलं, उभ्याउभ्याच. मला वाटलं, ओरडेल. ओरडावं, भांडी आदळावीत, काहीतरी करावं! ती एवढंच म्हणाली, "बरं." आणि बांधलेले केस सोडले. अहो, त्या "बरं"पेक्षा हातोडी परवडली. मी धावत जाऊन, कारण न सांगता, काकांची सायकल आणली, तर तिच्यावर हिचे पाय पोहोचेनात, आणि बाकी ज्यांच्याकडे सायकली त्या सगळ्या शर्यतीत. मग मी ठरवलं, आता संध्याकाळी माइक घ्यायचा आणि सगळ्यांसमोर सांगायचं, की हिची काही चूक नाही, सायकल मी मोडली. पाठही केलं, दोन वाक्यं.

पाच वाजले. पंधरा बायका, पंधरा सायकली, काकांनी हिचं नाव पुकारलं, मी उठलो, पाय निघेना... आणि तेवढ्यात ही माझ्या आधी उठली. लंगडत! चक्क लंगडत काकांपर्यंत गेली आणि म्हणाली, "मला नाही जमणार आज. जिन्यात पाय मुरगळला." सगळ्या बायका "अगं बाई!" म्हणत धावल्या, कुणी खुर्ची दिली, कुणी पाणी दिलं, आणि मी तसाच उभा, दोन वाक्यं तोंडात घेऊन. बोललो? नाही. बसलो खाली.

वहिनी जिंकल्या. एकोणपन्नास सेकंद. एकोणपन्नास! शुक्रवारी हिचे पंचावन्न होते. वजाबाकी करायची नव्हती मला, पण झाली. आणि सगळ्यात मोठ्याने टाळ्या कोण वाजवत होतं? आमची ही. घरी आल्यावर मी विचारलं, "का म्हणालीस तसं?" तर चप्पल काढता काढता म्हणाली, "मग काय सांगू? सगळी कॉलनी तुम्हाला सर म्हणते." बस, एवढंच. त्या वेळी मला खरंच रडू आलं. मोरीत जाऊन हात घासत बसलो.

पण आता मुरगळला म्हटल्यावर तो पाय लगेच बरा कसा होणार? काल तो क्रँक आला, सायकलवाल्याने दहा मिनिटांत बसवला, मी हात मागे बांधून बघत उभा होतो. सायकल झकास झाली, पण चालवणार कोण? मुरगळलेला पाय! म्हणून ही रोज लंगडत बसथांब्यापर्यंत जाते, मी तिची पिशवी घेऊन शेजारी, आणि गॅलरीगॅलरीतून कौतुक. "बघा, बघा, सर बायकोला किती जपतात!" काकांनी तर आपल्या सुनेला बोलावून दाखवलं मला. लाज वाटते हो, लाज वाटते, पण करता काय? खरं सांगावं तर आता ती खोटी ठरते.

आणि आज सकाळी फाटकाशी नेमक्या तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी समोरून आल्या, हातात मलमाची बाटली, खास हिच्यासाठी. ही लंगडायला लागली आणि माझ्या काळजाचं पाणी झालं, कारण काल ती डाव्या पायाने लंगडत होती आणि आज उजव्या! मी तोंड न हलवता कुजबुजलो, "अगं, डावा... डावा पाय तो!" वहिनींकडे बघून हसत हसत, तितक्याच हळू ही मला म्हणाली, "डावं-उजवं तुम्ही नका शिकवू मला."

पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि गुपचूप तिच्या डाव्या बाजूने चालायला लागलो. म्हणजे... डावीच असावी.