साडेनऊची बादली

न्हाई, पन मलाच का उभं केलं, त्ये सांगा की आदी! अख्ख्या बेलापुरात कोंबड्या पाळनारा दुसरा कोन घावला न्हाई का? ह्या डॉक्टरीन बाई, सुचित्रा मॅडम, टेबलामागं बसल्यात बगा... म्हनल्या, "आबा, तुमच्याच तोंडून सांगा, लोकांच्या लक्षात राहील." राहील की! माझी अब्रू गेली की तुमचं शिबिर झ्याक झालं! बरं, सांगतो. पन एकच विचारतो... तान्हेल्या जिवाला पानी पाजनं हा गुन्हा हाय का?

तर आमच्या अजिनाथचं, म्हंजी माझ्या पोराचं, दोन हजार कोंबड्यांचं शेड. एप्रिलचं ऊन असं, का पत्र्यावर कावळा टेकंना. कोंबड्या पंख पसरून, चोची वासून नुसत्या धापा टाकायच्या, रोज आठ-धा आडव्या. अजिनाथ म्हनला, "आबा, ही खेप गेली तर शेडाला कुलूप, आनि मी टेम्पोवर ड्रायव्हर."

मग मॅडम पावडर घेऊन आल्या. अमिनो ॲसिड म्हनं! म्हनलं, "बाई, ॲसिड बॅटरीत घालत्यात, कोंबडीत न्हाई." तर हसल्या. "आबा, उन्हात कोंबडी दाणा खात नाही. डाळी-अंड्यातून अंगाला जे मिळतं, तेच ह्यात आहे. पाण्यातून द्यायचं." द्या की! पन द्यायची तऱ्हा कशी, तुमाला सांगतो... सकाळी नऊला पानी बंद, घंटाभर तान्हेलं ठिवायचं, आनि ऊन चढायच्या आत, दहाला, पावडरीचं पानी सोडायचं. म्हंजी समद्या तुटून पडत्यात, औषध पोटात जातं.

आता दोन हजार डोळं... न्हाई, चार हजार! समदं माझ्याकडं लागल्यालं. मी काय दगड हाय? अजिनाथ रोज साडेनऊला टाकीकडं पावडर कालवाय गेला, का मी शेडात! रांजनातलं गार पानी, वर बर्फ, पाच-सा बादल्या भांड्यांत वतल्या. ह्या गुडग्यावर भरली बादली कशी उचलली, त्ये मागनं सांगतो. "प्या गं बायांनो, प्या, दहाच्या आत उरका!" कशा गटागटा पेल्या म्हनता... तान्हेल्या जिवाला पानी पाजनं हा गुन्हा हाय का?

दहाला पावडरीचं पानी सुटलं. एक कोंबडी ढुंकून बघंना! प्वाट टम्म! दुपारी मेल्या अकरा. दुसऱ्या दिशी सोळा, तिसऱ्या दिशी तेवीस. मॅडम कपाळाला हात लावून, "डोस तर बरोबर आहे... पीत का नाहीत?" आनि मी शेजारी उभा राहून म्हनतोय, "मी आदीच सांगितलं हुतं, पावडर बोगस हाय!"

चौथ्या दिशी अजिनाथनं मोबाईल उघडला. शेडात क्यामेरा बसवलाय, मला वाटलं चोरासाठी असंल... तर त्यात मी! बादली, बर्फ आनि "प्या गं बायांनो", आवाजासकट! शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. हळूच म्हनला, "आबा, ह्या कोंबड्या उन्हानं न्हाई, तुमच्या मायेनं मेल्या." आनि शेडाची किल्ली काढून घेतली. लई लागलं बगा.

पाचव्या दिशी मी भाईर बाजेवर, कान शेडाकडं. दहाला पानी सुटलं आनि आत भांड्यांवर कोंबड्यांचा असा गलका! दुपारी मेल्या नऊ, मग चार, मग एक. खेप वाचली. पावडर बोगस न्हाई! झालं समाधान, मॅडम? लिवून घ्या. मी तुमची माफी मागितली, पोराची मागितली, किल्ली परत मिळाली. कोंबड्यांची मागाया गेलो, तर त्यांना काय पडलंय!

पन माझी कोन मागनार? त्या क्यामेऱ्याला दाराच्या आतलं दिसतं, दाराभाईरचं न्हाई! रांजनातनं पानी काढून, बर्फ फोडून, बादली उंबऱ्यापातूर कोन आनून देत हुतं? "घ्या आनखी एक, लई तान्हेल्यात बाया" कोन म्हनत हुतं? आनि पोराम्होरं पदराला हात पुसत, "मी तर ह्यास्नी नकोच म्हनत हुते!" बगा, बगा, पयल्या खुर्चीवर बसून टाळ्या कोन वाजवतंय... जास्त बोलत न्हाई, सांजच्याला भाकर तिच्याच हातची खायाची हाय. नुसतं नाव सांगतो आनि बसतो.

लंकाबाई!